वर्षाला वीस मिलिमीटर: फॉल्टलगतची सरकणारी जमीन उपग्रहांवरून कशी मोजतात

समजा, एका लांबलचक फॉल्टच्या, म्हणजे भूकवचातल्या भेगेच्या, दोन्ही अंगांना, फॉल्टपासून एकेक किलोमीटरवर, खडकात स्टीलचे खिळे बसवले आहेत. दोन्हीकडचे भूभाग एकमेकांना घासत वर्षाला २० मिमी वेगाने विरुद्ध दिशांना सरकताहेत. दहा वर्षांनी या दोन खिळ्यांमध्ये किती फरक पडलेला दिसेल? चटकन तोंडावर येणारं उत्तर २०० मिमी. मोजायला गेलं तर हाती लागतात जेमतेम ८ ते ९ मिमी. बाकीचं सरकणं कुठे गेलं, हे कळायला फॉल्टपासून शंभर किलोमीटरवरचे खिळे बघावे लागतात. तिथे दोन्हीकडचं मिळून १८० मिमी भरतात.

जमीन जिथे चिरलेली आहे तिथेच ती जवळजवळ गप्प असते. फॉल्टच्या मोजणीतली निम्मी गुंतागुंत या एका गोष्टीतून येते, आणि उरलेली बरीचशी खिळ्यावर अँटेना बसवणाऱ्या हातांतून. उपग्रहांचा नंबर त्यानंतर लागतो.

वर अडकलेलं, खाली सरकणारं

भूकवचातला प्रस्तरभंग, ज्याला सगळे फॉल्टच म्हणतात, वरपासून खालपर्यंत एकसारखा वागत नाही. वरच्या साधारण १० ते २० किमी जाडीत खडक थंड आणि ठिसूळ असतो. तिथे दोन्ही बाजू घर्षणाने एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. त्याखाली तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की क्वार्ट्झ असलेला खडक मऊ पडतो आणि सरकणं विनाखंड चालू राहतं. खालून ओढ चालूच आहे आणि वर पकड सुटत नाही, त्यामुळे मधला खडक रबरासारखा वाकत जातो. पकड सुटते तो भूकंप.

ही गोष्ट पहिल्यांदा आकड्यांत दिसली ती १८ एप्रिल १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर. त्या दिवशी सॅन अँड्रियास फॉल्टवर काही ठिकाणी जमीन सुमारे ६ मीटर आडवी सरकली. हॅरी फील्डिंग रीड यांनी १८५१ पासूनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणांचे आकडे भूकंपानंतरच्या मोजणीशी ताडून पाहिले. फॉल्टपासून लांबच्या खुणा भूकंपाच्या कितीतरी आधीपासून सरकत होत्या, तर जवळच्या खुणा भूकंपाच्या झटक्यात सरकल्या. यावरून १९१० साली त्यांनी इलॅस्टिक रिबाउंडची, म्हणजे वाकत गेलेला खडक पकड सुटताच झटक्यात सरळ होतो, ही कल्पना मांडली.

१९७३ मध्ये जेम्स सॅव्हेज आणि रॉबर्ट बरफर्ड यांनी तिला एक सुटसुटीत सूत्र दिलं. खिळ्याचं फॉल्टपासूनचं अंतर घ्या, त्याला फॉल्ट जिथपर्यंत अडकला आहे त्या खोलीने भागा, आलेल्या आकड्याचा आर्कटॅन (म्हणजे ज्याचा टॅन तेवढा येतो तो कोन) रेडियनमध्ये काढा, त्याला एकूण वेगाने गुणा आणि पायने (π) भागा. २० मिमी वेग आणि १५ किमी खोली धरली तर एका बाजूला हे आकडे येतात: ५ किमीवर वर्षाला २ मिमी, १५ किमीवर ५ मिमी, ५० किमीवर ८.१ मिमी, १०० किमीवर ९ मिमी. पूर्ण १० मिमी कितीही लांब गेलं तरी गाठले जात नाहीत, फक्त जवळ येत जातात. या आलेखाचा आकार ताणून धरलेल्या इंग्रजी ‘एस’सारखा दिसतो. फॉल्टच्या दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा किलोमीटरमध्ये, म्हणजे तीस किलोमीटरच्या पट्ट्यात, एकूण फरकातला बरोबर निम्मा फरक सामावतो.

आता प्रश्न हा, की वर्षाला २ मिमी आणि ५ मिमी यांतला फरक वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून कसा काढायचा.

मीटरपासून मिलिमीटरपर्यंत

फोनमधलं जीपीएस आपली जागा तीन-पाच मीटरच्या अचूकतेने सांगतं, कारण ते उपग्रहाच्या लहरीवर चढवलेला कोड वाचतं. त्या कोडचा एकेक तुकडा २९३ मीटर लांब असतो. तुकड्याच्या शंभराव्या हिश्शापर्यंत मोजलं तरी गाडी मीटरवरच अडते. सर्वेक्षणाचा रिसीव्हर कोडवर थांबत नाही, तो खालची मूळ लहर मोजतो. जीपीएसच्या एल-१ लहरीची वारंवारिता १५७५.४२ मेगाहर्ट्झ आहे आणि तरंगलांबी १९ सेंमी. हिचा शंभरावा हिस्सा म्हणजे सुमारे २ मिमी.

यात एक अडचण आहे. सगळ्या लहरी एकसारख्याच दिसतात. रिसीव्हरला शेवटच्या लहरीचा अपुरा तुकडा बिनचूक कळतो, पण उपग्रहापासून इथपर्यंत पूर्ण लहरी किती झाल्या हे कळत नाही. ही अज्ञात पूर्ण संख्या गणिताने सोडवावी लागते. उपग्रह आकाशात सरकत राहतो, अंतर बदलत जातं, आणि तासन्‌तासांच्या नोंदींतून एकच पूर्ण संख्या सगळीकडे जुळते. मध्येच झाडाची फांदी आडवी आली आणि मोजणी तुटली, तर संख्या नव्याने शोधावी लागते. याला सायकल स्लिप म्हणतात, आणि नोंद बिघडवण्यात याचा मोठा वाटा असतो.

मग वातावरण. आयनोस्फिअर लहरीला काही मीटरांनी, कधी त्याहून जास्त फसवतो. पण किती फसवतो हे वारंवारितेवर अवलंबून असतं. एल-२ ही दुसरी लहर १२२७.६० मेगाहर्ट्झवर येते, दोन्हींची तुलना केली की ही चूक जवळजवळ पूर्ण निघून जाते. म्हणून एकाच लहरीवर चालणारा स्वस्त रिसीव्हर या कामाचा नाही. खालच्या हवेला हा उपाय लागू पडत नाही. समुद्रसपाटीवर डोक्यावरच्या उपग्रहाची लहर कोरड्या हवेमुळे सुमारे २.३ मीटर उशिरा पोचते, क्षितिजापासून १० अंशांवरच्या उपग्रहाची सुमारे १३ मीटर. बाष्पामुळे त्यात आणखी भर पडते, आणि हे बाष्प तासातासाला बदलतं. त्यामुळे हा उशीर दर एक-दोन तासांसाठी जागेच्या निर्देशांकांबरोबरच अज्ञात म्हणून सोडवतात.

उंचीचा आकडा आडव्या आकड्यापेक्षा साधारण तिपटीने कच्चा का असतो, याचं उत्तर इथेच आहे. पूर्वेला आणि पश्चिमेला दोन्हीकडे उपग्रह असतात, पण पायाखाली एकही नसतो. खिळा थोडा खाली आहे की हवेने लहर थोडी जास्त अडवली, हे वेगळं करणं अवघड जातं. फॉल्ट आडवा सरकणारा असेल तर हे फारसं आड येत नाही. एक भूभाग दुसऱ्याखाली घुसत असेल, हिमालयासारखा, तर मात्र उंचीचा प्रत्येक मिलिमीटर कष्टाने मिळवावा लागतो.

उपग्रह नेमका कुठे होता, हेही माहीत असावं लागतं. त्याच्या जागेतली चूक आणि दोन खिळ्यांमधल्या अंतरातली चूक एकाच प्रमाणात असतात. उपग्रह स्वतः प्रसारित करतो ती कक्षा साधारण मीटरभर चुकलेली असते. २०,००० किमीला १ मीटर, म्हणजे १०० किमीला ५ मिमी. आपल्याला हवा असलेला वर्षभराचा आकडा त्यातच बुडून जातो. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रह-यंत्रणांची) सेवा जगभरच्या कायम केंद्रांच्या, म्हणजे जिथे अँटेना कायमची बसवलेली असते अशा जागांच्या, नोंदींवरून अंतिम कक्षा दोन-एक आठवड्यांनी देते. तिच्यात चूक सुमारे अडीच सेंटीमीटरची असते, म्हणजे १०० किमीला ०.१३ मिमीच्या आसपास. फॉल्ट मोजणाऱ्याला घाई नसतेच, त्यामुळे थांबावं आणि अंतिम कक्षाच घ्यावी.

खिळा, तिपाई आणि बुडबुडा

आता त्या कामाकडे येऊ, जिथे खरोखर मिलिमीटर हरवतात.

जागा निवडताना सगळ्यात आधी पाहायचं ते खाली मूळ खडक आहे का. मोठा दगड आणि मूळ खडक वरून सारखेच दिसतात. दगड उतारावर असेल तर तो वर्षाला दोन-चार मिलिमीटर घरंगळत राहतो, आणि हा वेग फॉल्टचा समजला जातो. मातीत रोवलेला काँक्रीटचा खांब पावसात फुगणाऱ्या आणि उन्हात आकसणाऱ्या मातीबरोबर डोलतो. दरीच्या तळाशी भूजल उपसलं जात असेल तर आख्खी जमीन खचते आणि कडेच्या जागा तळाच्या दिशेने ओढल्या जातात. कायम केंद्र उभारायचं आणि खडक हाताशी नसेल, तर सुमारे दहा मीटर खोल तिरपे पाइप रोवून त्यांचे पाय वर एकत्र जोडतात. वरचा मातीचा थर हलला तरी अँटेना जागची हलत नाही. दरवर्षी येऊन मोजायच्या जागेसाठी खडकात ड्रिलने भोक पाडून, ते फुंकून कोरडं करून, इपॉक्सी भरून स्टेनलेस स्टीलचा खिळा बसवतात. त्याच्या माथ्यावर पंचने केलेला टिंब हाच सगळ्या मोजणीचा बिंदू. भोकात धूळ राहिली तर इपॉक्सी खडकाला न चिकटता धुळीला चिकटतो आणि दोन-तीन वर्षांत खिळा हातात येतो.

आकाश सगळीकडे क्षितिजापासून १० ते १५ अंशांपर्यंत मोकळं असावं. पत्र्याचं छप्पर, कुंपणाची जाळी, पाणी जवळ नको, कारण परावर्तित लहर सरळ लहरीत मिसळते. चोक-रिंग अँटेनेच्या गोल गोल भिंती ही खालून येणारी लहर बरीचशी रोखतात. परावर्तनाची एक खासियत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जीपीएस उपग्रह पृथ्वीभोवती ११ तास ५८ मिनिटांत एक फेरी मारतो, म्हणून आकाशातली त्यांची मांडणी रोज सुमारे चार मिनिटं आधी परत तशीच येते. उरलेली चूक रोज चार मिनिटं आधी त्याच आकारात दिसली, तर आजूबाजूला परावर्तक आहे असं खुशाल समजावं. याच कारणाने एका वेळी पूर्ण चोवीस तासांची नोंद घेतात, म्हणजे ही चूक सरासरीत बरीच विरते. एका जागेवर तीन दिवस-रात्री ही साधी वहिवाट. रिसीव्हर ५ वॅट खात असेल तर १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ९६ तास चालते. प्रत्यक्षात, विशेषतः थंडीत, निम्म्यावर भिस्त ठेवावी आणि तीन दिवसांसाठी दुसरी बॅटरी न्यावी.

तिपाई उभी केली, तिच्यावर ट्रायब्रॅक (अँटेना पातळीत आणणारी बैठक) बसवला, ऑप्टिकल प्लमेटमधून (सरळ खाली बघायच्या छोट्या दुर्बिणीतून) टिंब मधोमध आणला, बुडबुडा वर्तुळात आणला. सगळं नीट दिसतं. पण ट्रायब्रॅकचा बुडबुडाच चुकलेला असेल तर? अशा गोल बुडबुड्याची संवेदनशीलता सहसा २ मिमीला ८ मिनिटं असते, म्हणजे बुडबुडा २ मिमीने बाजूला दिसला की तळ ८ कोनीय मिनिटांनी कललेला असतो. बुडबुड्याचं जुळणं तेवढं बिघडलेलं असेल, तर दीड मीटर उंचीवरची अँटेना टिंबापासून ३.५ मिमी बाजूला बसते, आणि प्लमेटमधून पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी वाटतं. दोन वर्षांच्या अंतराने दोनदाच मोजणी झाली आणि त्यातल्या एकदा असं घडलं, तर वेगात वर्षाला १.७ मिमीची चूक शिरली. फॉल्टपासून ५ किमीवरच्या खिळ्याचा आख्खा वेग २ मिमी आहे, हे इथे आठवावं.

बुडबुड्याची तपासणी सोपी आहे. चांगल्या पातळीत आणलेला दुसरा नळीसारखा बुडबुडा ट्रायब्रॅकवर ठेवून गोल बुडबुडा त्याच्याशी जुळवून घ्यायचा. मग प्लमेट. तिपाईच्या माथ्यावर ट्रायब्रॅकच्या तळाची कड पेन्सिलने आखायची, पातळी साधून खाली कागदावर दिसणारा बिंदू मांडायचा. ट्रायब्रॅक १२० अंशांत फिरवून आखलेल्या कडेत परत बसवायचा, पुन्हा पातळी, पुन्हा बिंदू, आणि तिसऱ्यांदाही. तीन बिंदू एकावर एक पडले तर प्लमेट ठीक. त्रिकोण झाला तर त्याचा मध्य खरा, प्लमेट तिथे आणून जुळवायचा. पाऊण तासाचं काम आहे. प्रत्येक मोहिमेच्या आधी करावंच.

अँटेनेची उंची हा दुसरा खड्डा. टेप टिंबापासून अँटेनेच्या कडेपर्यंत तिरपी जाते. तिरपं माप १.५०० मीटर आणि अँटेनेची त्रिज्या ०.१९ मीटर असेल तर सरळ उंची १.४८८ मीटर येते. वहीत ‘तिरपी’ की ‘सरळ’ हे लिहायचं राहिलं, तर १२ मिमीची चूक शिरली. तीन बाजूंनी मोजावं, मोजणी सुरू करताना आणि संपवताना दोन्ही वेळा मोजावं, आणि अँटेनेचं पूर्ण मॉडेल नाव लिहावं, कारण लहर अँटेनेच्या आत नेमकी कुठे ‘पोचते’ तो बिंदू मॉडेलनुसार बदलतो. अँटेनेवरची खूण उत्तरेकडे ठेवायची, दर वेळी. शक्य असेल तर तिपाई टाळून ठराविक उंचीचा स्पाइक माउंट, म्हणजे थेट टिंबावर टेकणारा टोकदार आधार, वापरावा. उंचीचा प्रश्नच मिटतो आणि अँटेना जमिनीलगत असल्याने केंद्र साधण्यातली चूकही कमी होते.

किती वर्षं थांबायचं

तीन दिवसांच्या चांगल्या नोंदीतून आडवी जागा सुमारे ३ मिमीपर्यंत कळते असं धरू. दोन मोजण्यांच्या फरकातली अनिश्चितता ४.२ मिमी होते. त्या मोजण्यांमध्ये एकच वर्ष असेल तर वेगात ±४.२ मिमी, पाच वर्षं असतील तर ±०.८५, दहा असतील तर ±०.४२. मध्ये आणखी मोजण्या घेतल्याने आकडा थोडा सुधारतो. खरा फायदा त्या मोजण्या बिघडलेली भेट उघडी पाडतात हा आहे: दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते, तिसरा बिंदूच सांगतो की कुणीतरी चुकलं.

जमीन ऋतूंबरोबरही श्वास घेते. पावसाचं, बर्फाचं, भूजलाचं वजन कवचाला दाबतं आणि सोडतं. म्हणून वार्षिक मोहीम दरवर्षी त्याच महिन्यात करावी. कायम केंद्रावर हा चढउतार आलेखात दिसतो आणि वेगळा काढता येतो, पण त्यासाठीही किमान अडीच वर्षांची सलग नोंद लागते. जेफ्री ब्लुइट आणि डेव्हिड लाव्हाले यांनी २००२ मध्ये हे हिशेबाने दाखवलं. अँटेना बदलली, जवळ झाड वाढलं, तर आलेखात पायरी किंवा वळण येतं. ते कारणासह वहीत असेल तरच दुरुस्त करता येतं.

मोजणी गॅमिट, बर्नीज किंवा जिप्सीसारख्या सॉफ्टवेअरमधून गेली की वेग मिळतात ते जागतिक चौकटीत, आयटीआरएफमध्ये. या चौकटीत आख्खी भारतीय भूमी ईशान्येकडे वर्षाला सुमारे ५ सेंमी जाते. फॉल्टच्या दोन्ही बाजूंचे बाण सारखेच लांब आणि एकाच दिशेला दिसतात, आणि पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो. एका बाजूच्या स्थिर भूपट्टाचं फिरणं सगळ्यांतून वजा करायचं, उरलेले बाण फॉल्टच्या दिशेला समांतर आणि लंब असे तोडायचे. मग तो ‘एस’ समोर येतो.

खिळे कुठे नसले तर आकडा फसवतो

सूत्रात एक सापळा आहे. फॉल्टच्या अगदी जवळ वेगाचा चढ फक्त ‘एकूण वेग भागिले खोली’ यावर ठरतो. वर्षाला २० मिमी आणि १५ किमी खोली, किंवा ३० मिमी आणि २२.५ किमी खोली, दोन्हींचा चढ तोच: किलोमीटरमागे ०.४२ मिमी. खिळे फॉल्टलगतच असतील तर या दोन उत्तरांतलं खरं कोणतं हे सांगता येत नाही. फक्त लांबच असतील तर एकूण वेग कळतो, खोली कळत नाही. म्हणून फॉल्टला आडवी ओळ हवी: खोलीच्या अंतरापर्यंत दाट, पुढे विरळ, आणि टोकं शंभर-दीडशे किलोमीटरपर्यंत. फॉल्ट कुठे कुठे मुळीच अडकलेला नसतो, वरपर्यंत संथपणे सरकतो. कॅलिफोर्नियात सान हुआन बाउतिस्ता ते पार्कफील्ड या पट्ट्यात किंवा तुर्कस्तानात इस्मेतपाशाजवळ तसं आहे. तिथे ‘एस’ऐवजी मधोमध सरळ पायरी येते, आणि ती दिसायला फॉल्टच्या काहीशे मीटरांत दोन्हीकडे खिळे लागतात.

काळाचंही तेच. १७ ऑगस्ट १९९९ च्या इझमित भूकंपानंतर तिथले खिळे पहिल्या काही महिन्यांतच काही सेंटीमीटर सरकले. असा काळ मोजणीत आला आणि तो वेग शतकभराचा धरला, तर अख्खा हिशेब चुकतो. खालचा मऊ खडक भूकंपानंतर हळूहळू सावरतो, म्हणून भूकंपानंतर लगेच वेग जास्त दिसतो आणि पुढच्या भूकंपाच्या आधी कमी.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तिबेटच्या उत्तर कडेवरचा अल्तिन ताघ फॉल्ट. लांबी दीड हजार किलोमीटरहून जास्त. सरकलेल्या नदीकाठांवरून काढलेले जुने अंदाज वर्षाला २० ते ३० मिमी सांगत होते. मग तिबेट पूर्वेकडे आख्ख्या ठोकळ्यासारखा सरकतोय असं म्हणता येई. २००० च्या आसपास जीपीएसचे आकडे आले: सुमारे ९ मिमी. मग ताण एका फॉल्टवर नसून सगळ्या पठारभर विखुरलेला असावा. दोन्हींतलं खरं काय?

तिढा नदीच्या पायऱ्यांत होता. नदी खोल कापत गेली की वरची सपाटी मागे राहते आणि दोन सपाट्यांमध्ये एक कडा तयार होतो. फॉल्ट तो कडा सरकवतो. सरकलेलं अंतर भागिले कड्याचं वय म्हणजे वेग. पण कड्याचं वय थेट मोजता येत नाही. वरच्या सपाटीचं वय धरायचं की खालच्या? नदी खालच्या सपाटीवर वाहत असताना कड्याचा पाय खात राहिली असेल तर खालचं, तरुण वय धरावं लागतं आणि वेग मोठा येतो. नसेल तर वरचं, जुनं वय, आणि वेग लहान. २००७ मध्ये एरिक कॉवगिल यांनी चेरचेन नदीकाठची एक जागा या नजरेने पुन्हा तपासली, तेव्हा उत्तर ९ मिमीच्या आसपास आलं.

वर दिलेल्या हिशेबात हा वाद बसवून बघता येतो. फॉल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक लांबचा खिळा, प्रत्येक मोजणी ३ मिमीची, तर दोघांमधल्या वेगाची अनिश्चितता ६ मिमी भागिले वर्षं. चार वर्षांत ती ±१.५ मिमी होते, आणि ९ की २५ याचा निकाल एवढ्यात लागतो. ९ की ११, हे ठरवायला ±०.५ मिमी हवेत, म्हणजे त्याच दोन खिळ्यांवर, त्याच टिंबांवर, बारा वर्षं.